‘निकाली’ कोणाच्या लेखी? पालिकेच्या तक्रार ॲपचा नऊ महिन्यांचा अनुभव

पहिल्या आठवड्यात मी या ॲपला पाच तारे दिले होते. रात्री साडेनऊला खांबावरच्या बंद दिव्याचा फोटो टाकला आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दिवा लागलेला. इतकं सरळ काम झालं की मीच पाच-सहा जणांना लिंक पाठवली. आता नऊ महिन्यांनी त्याच अभिप्रायातले दोन तारे काढून घेतलेत. का काढले ते चार ओळींत मावेना, म्हणून हा लेखनप्रपंच.

पालिकेचं किंवा ॲपचं नाव घेत नाही. मला भांडण उकरायचं नाही, आणि तशीही ही ॲप सगळीकडे एका साच्यातून काढल्यासारखी असतात. फोटो काढा, नकाशावर टाचणी लावा, वर्गवारी निवडा, पाठवा, तक्रार क्रमांक घ्या. ॲपसोबत पालिकेचा व्हॉट्सॲपवरचा चॅटबॉट आणि एक्सवरचं (म्हणजे पूर्वीच्या ट्विटरवरचं) अधिकृत खातंही वापरलं. नऊ महिन्यांत ४१ तक्रारी केल्या. २९ खरोखर सुटल्या, ७ फक्त कागदावर सुटल्या, ५ अजून लोंबकळतायत. हे आकडे ॲपमधले नाहीत, माझ्या वहीतले आहेत. ॲपच्या हिशेबाने माझ्या ३६ तक्रारी ‘निकाली’ आहेत. २९ आणि ३६ यांच्यात जे सात उरतात, त्यांच्याबद्दलच मला बोलायचंय.

त्याआधी टाचणी. हे कोणी सांगत नाही म्हणून सांगते. फोनचा जीपीएस मोकळ्या आकाशाखाली साधारण पाच मीटरपर्यंत बरोबर असतो. उंच इमारतींच्या मधे तो आणखी भरकटतो. आमच्या रस्त्याच्या मधोमध दोन वॉर्डांची हद्द आहे. टाचणी चार पावलं पलीकडे पडली की तक्रार शेजारच्या वॉर्डात, आणि तिथून तीन दिवसांनी उत्तर, ‘सदर ठिकाण या कार्यालयाच्या हद्दीत येत नाही.’ सुरुवातीच्या तीन तक्रारी अशाच वाया गेल्या. तेव्हा टाचणी ॲपवर सोडू नका, नकाशा मोठा करून स्वतः बोटाने सरकवा.

आता वर्गवारी. फुटपाथला लागून एका चेंबरचं झाकण गायब होतं. चौकोनी चेंबर, लक्षात ठेवा, चौकोनी. माझ्या दृष्टीने तो एक खड्डा, ज्यात कोणाचा तरी पाय जाणार. ॲपने विचारलं, हे ‘रस्ते’ आहे, ‘मलनिस्सारण’ आहे की ‘पावसाळी गटारे’? मला काय माहीत! मी ‘रस्ते’ दाबलं. चौथ्या दिवशी तक्रार मलनिस्सारणकडे वर्ग. आठव्या दिवशी पावसाळी गटारांकडे वर्ग. अकराव्या दिवशी परत रस्त्यांकडे. या काळात कोणीतरी त्या भोकात एक फांदी खोचून तिला लाल फडकं बांधलं. अख्ख्या प्रकरणातली सगळ्यात झटपट लोकसेवा ती.

कुठलं खातं कशासाठी, हे नागरिकाला माहीत असण्याची गरजच पडू नये, ही कल्पना काही नवी नाही. अमेरिकेत बाल्टिमोरने १९९६ मध्ये ३११ हा नंबर सुरू केला तो आणीबाणीच्या ९११ वरचा भार कमी करायला. न्यूयॉर्कने २००३ मध्ये त्याच नंबरावर सगळ्या शहराचे बिनतातडीचे प्रश्न घेतले. तुम्ही फक्त काय बिघडलंय ते सांगायचं, खातं शोधणं हे शहराचं काम. आमच्या ॲपने नेमकं उलटं केलंय. काउंटरवरचा कारकून जे काम करायचा ते त्याने ड्रॉपडाउन बनवून माझ्या हातात दिलंय. वर माझं चुकलं तर अकरा दिवस माझेच जातात.

बाराव्या दिवशी नोटिफिकेशन आलं. ‘आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.’ सोबत काम झाल्याचा फोटो, नवंकोरं झाकण, सिमेंट अजून ओलं. फक्त ते झाकण गोल होतं.

मी खाली जाऊन पाहून आले. फांदी होती, फडकं होतं, भोक होतं. गोल झाकण कुठल्या गल्लीतलं होतं कोण जाणे, तिथल्या लोकांचं भलं झालं असेल. ॲपमध्ये ‘काम झालेलं नाही’ असं सांगायची सोयच नव्हती. तारे द्यायची होती. मी एक तारा दिला आणि नवी तक्रार केली. नवा क्रमांक, नवी मुदत, आणि जुनी तक्रार मात्र यशाच्या खात्यात जमा.

मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, त्यामुळे इथे मला जरा जास्तच झोंबलं. आमच्याकडे बग, म्हणजे सॉफ्टवेअरमधली चूक, ज्याने दुरुस्त केला तो फार तर ‘फिक्स्ड’ म्हणू शकतो. तो ‘क्लोज’ करायचा अधिकार ज्याने बग शोधला त्याचा. डेव्हलपर स्वतःच क्लोज करायला लागले तर पंधरा दिवसांत प्रॉडक्ट कागदावर निर्दोष होईल आणि ग्राहकाच्या हातात बंद पडेल. सगळ्या टीमला हे माहीत असतं, म्हणून त्यावर कोणी वादही घालत नाही. पालिकेच्या ॲपमध्ये मात्र काम करणारा, तपासणारा आणि पास करणारा एकच.

आणि हे जमत नाही अशातलाही भाग नाही. ब्रिटनमध्ये मायसोसायटी या संस्थेने २००७ मध्ये फिक्समायस्ट्रीट सुरू केलं. तिथे तक्रार सगळ्यांना दिसते. त्याच खड्ड्यावर दुसऱ्या कोणी आधी लिहिलं असेल तर तेही दिसतं. चार आठवड्यांनी तक्रार करणाऱ्यालाच विचारलं जातं की काम झालं का. एवढासाच प्रश्न, पण विचारला कोणाला हे महत्त्वाचं. आमच्याकडे माझी तक्रार फक्त मला दिसते. त्यामुळे त्या चेंबरवर आणखी किती जणांनी डोकं आपटलं असेल ते मला कळायचा मार्ग नाही, आणि गोल झाकणाचा फोटो शेजाऱ्यांना दिसला असता तर तो टाकायची हिंमतही झाली नसती.

दुसऱ्यांदा निकाली झाल्यावर, या वेळी फोटोसुद्धा नाही, मी एक्सवर गेले. माझा फोटो, त्यांचा फोटो, शेजारी शेजारी. ‘चौकोनी चेंबर, गोल झाकण, तक्रार दोनदा निकाली.’ अधिकृत खात्याला टॅग केलं. चाळीस मिनिटांत फोन.

“ताई, ते ट्विट तेवढं काढून टाकता का? मी आजच माणूस पाठवतो.”

“आधी माणूस पाठवा, मग बघू.”

“पाठवतो हो. पण वर साहेबांपर्यंत गेलंय ते.”

फोनवर पालिकेतले कनिष्ठ अभियंता होते. माणूस आला, झाकण बसलं, चौकोनी. मी ट्विट काढलं नाही, खाली ‘काम झालं, आभार’ एवढं लिहिलं. संध्याकाळी मीच त्यांना फोन केला आणि विचारलं, सर, न झालेलं काम निकाली का टाकता? माणूस सरळ निघाला. म्हणाले, “ताई, आमच्या स्क्रीनवर सातव्या दिवशी ओळ लाल होते. लाल ओळी मोजून दर सोमवारी आढावा होतो. झाकण स्टोअरमधून यायला पंधरा दिवस लागतात. मग मी काय करू?” त्यांच्याकडे ‘सामान मागवलंय’ असं बटणच नाही. ‘प्रलंबित’ आणि ‘निकाली’, दोनच पर्याय. तेव्हापासून माझा त्यांच्यावरचा राग बराच उतरला, ज्याने ती स्क्रीन बनवली त्याच्यावर चढला. ‘झाकण मागवलंय, पंधरा दिवस लागतील’ असं कळलं असतं तर मी निमूट थांबले असते. कोणीही थांबेल.

ट्विटने काम झालं, पण ते मला पटलेलं नाही. तळमजल्यावरच्या काकू रोज त्याच फुटपाथने जातात. त्यांच्याकडे फोन आहे, व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज पाठवतात, पण एक्सवर खातं नाही आणि असायचं कारणही नाही. चॅटबॉटला त्यांनी बोलून तक्रार सांगितली तर उत्तर आलं, ‘क्षमस्व, कृपया १ ते ७ मधील पर्याय निवडा.’ म्हणजे ओरडता येणाऱ्याची रांग वेगळी आणि बाकीच्यांची वेगळी. अशा रांगा नुसत्या फोनमुळेही पडतात. बॉस्टनने २०१२ मध्ये स्ट्रीट बंप नावाचं ॲप काढलं होतं. गाडीत फोन ठेवायचा, धक्का बसला की फोनच रस्त्याची नोंद करणार. कल्पना छानच, पण जिथे स्मार्टफोन आणि गाड्या जास्त तिथले रस्ते जास्त खराब दिसणार, हा त्यातला धोका लवकरच लक्षात आला. (त्यातून आणखी एक गंमत कळली. बरेचसे धक्के खड्ड्यांचे नव्हतेच, रस्त्याच्या पातळीखाली गेलेल्या चेंबरच्या झाकणांचे होते. झाकणांनी तिथेही पिच्छा सोडला नाही.)

काकूंसाठी खरं तर साधा एसएमएस पुरेसा आहे, आणि पालिका तो पाठवतेही. पण कसा? इंग्रजी अक्षरांत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात, देवनागरीत ७०. आणि काना-मात्रा-वेलांटी वेगवेगळी मोजली जाते. त्यामुळे ‘आपली तक्रार संबंधित विभागाकडे पुढील कार्यवाहीस्तव वर्ग करण्यात आली असून…’ हे वाक्य पूर्ण व्हायच्या आतच एक एसएमएस संपतो. काकूंच्या जुन्या फोनवर त्याचे तुकडे सुटे पडतात, कधी दुसरा आधी आणि पहिला नंतर. एकदा त्यांनी मला दाखवलेला मेसेज ‘आली आहे. धन्यवाद.’ एवढाच होता. काय आली आहे ते शेवटपर्यंत कळलं नाही. ‘खांब २१४ चा दिवा उद्या दुपारपर्यंत लागेल’ हे सत्तरच्या आत आरामात बसतं. सरकारी मराठी सोडली तर जागा भरपूर आहे.

सोशल मीडियाच्या बाबतीत एका रात्रीचं श्रेय मात्र द्यायलाच हवं. मुसळधार पाऊस, दोन भुयारी रस्ते पाण्याखाली, आणि सगळ्या ग्रुपवर धरणाचे दरवाजे उघडल्याचा व्हिडिओ फिरत होता. त्या रात्री पालिकेचं खातं कोण चालवत होतं माहीत नाही, पण माणूस जागा होता. दर अर्ध्या तासाला कुठला रस्ता बंद, कुठला सुरू. व्हिडिओचा स्क्रीनशॉट घेऊन त्यावर आडवं ‘जुना, इथला नाही’ असं लिहून टाकलं. लोक प्रश्न विचारत होते आणि त्यांना खरी उत्तरं मिळत होती, अगदी ‘हे आत्ता सांगता येत नाही, वीस मिनिटांनी कळवतो’ असंसुद्धा. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडच्या पोलिसांनी जानेवारी २०११ च्या पुरात फेसबुक आणि ट्विटरवर हेच केलं होतं, अफवा खोडायला त्यांनी ‘मिथबस्टर’ असा हॅशटॅगच ठेवला होता. त्याचं आजही उदाहरण देतात. आमच्या खात्याने ते एक रात्र करून दाखवलं आणि तिसऱ्या दिवशी गाडी मूळपदावर: फीत कापतानाचे फोटो, शुभेच्छांची चित्रं, आणि खाली लोकांचे पाण्याबद्दलचे दीडशे प्रश्न, उत्तर एकाचंही नाही.

याच खात्याची आणखी एक खोड. पाणी बंद राहणार असल्याची सूचना फक्त एक्सवर टाकतात. लॉगिन नसेल तर ताजी पोस्ट धड दिसतही नाही. परक्याच्या ओसरीवर आपली सूचनाफळी टांगली की असं होतं. न्यूयॉर्कची रेल्वे-बस चालवणारी एमटीए मोठी संस्था, पण तिनेही एप्रिल २०२३ मध्ये ट्विटरवर गाड्यांच्या ताज्या सूचना देणं थांबवलं होतं, कारण तिथून आपोआप पोस्ट टाकायला ट्विटर पैसे मागू लागलं होतं. सरकारी सेवांना ते फुकट करून दिल्यावर मे महिन्यात एमटीए परतली. मधल्या दिवसांत प्रवाशांना त्यांचं स्वतःचं ॲप आणि वेबसाइट होती. आमच्याकडे ॲप असूनही पाण्याची सूचना त्यात येत नाही. त्यात ‘आमच्या नव्या उपक्रमाला लाइक करा’ येतं. मी त्याची नोटिफिकेशन बंद केली आणि त्या भरात एका तक्रारीचं खरं उत्तरही हुकलं.

बाकी किरकोळ: ॲप अडकत नाही, ओटीपी वेळेवर येतो, मराठी भाषांतर बरं आहे (‘सबमिट’ला ‘सादर करा’, ठीक). कमी उजेडातले फोटो ॲप फार दाबून, म्हणजे आकार कमी करून पाठवतं, रात्रीची तक्रार असेल तर खांबाचा क्रमांक टाइप करून लिहा.

कोणासाठी उपयोगी? दिवा, कचरा, पडलेली फांदी, म्हणजे ज्याला एकच खातं आणि एकच माणूस लागतो अशा सगळ्यासाठी डोळे मिटून वापरा, माझ्या २९ पैकी बहुतेक याच जातीच्या आहेत. दोन खात्यांच्या मधे पडणारं काही असेल तर ॲपवर क्रमांक घ्या आणि लगेच वॉर्ड ऑफिसला फोन करून तो क्रमांक वाचून दाखवा. आणि वही ठेवा: तारीख, क्रमांक, तुमचा फोटो, त्यांचा फोटो. ॲप नव्वद दिवसांनी जुन्या तक्रारी यादीतून काढून टाकतं.

गेल्या आठवड्यातल्या अपडेटमध्ये एक नवीन बटण आलंय, ‘तक्रार पुन्हा उघडा’. सातपैकी चार अजून यादीत आहेत, त्या चारही उघडल्या. त्यातली एक आज सकाळी परत निकाली झाली, फोटो नाही. आता संध्याकाळी जाऊन बघते.