संगणक सुरू होताना हार्ड डिस्कची आपोआप तपासणी : गरजेपुरती की ठरावीक काळाने?

दादरमधील एका करसल्लागाराच्या कार्यालयात सहा संगणक आहेत, चार विंडोजचे आणि दोन लिनक्सचे. संगणक सुरू होताना त्यांची डिस्क आपोआप तपासली जावी का, आणि जावी तर ठरावीक दिवसांनी की काही बिघडल्याची खूण दिसल्यावरच, असा प्रश्न तेथील मालकांनी मला विचारला. दोन्ही मार्ग उपलब्ध आहेत, परंतु त्यांची किंमत सारखी नाही.

ही तपासणी सुरुवातीलाच करण्यामागे एक साधे कारण आहे. ज्या पार्टिशनवरून (डिस्कच्या स्वतंत्र विभागावरून) संगणक चालतो, त्याची दुरुस्ती ते वापरात असताना निर्धोकपणे करता येत नाही. म्हणून प्रणाली पूर्णपणे उभी राहण्यापूर्वीच ती उरकली जाते.

गरजेपुरती तपासणी ही विंडोजची मूळची पद्धत आहे. फाइल सिस्टीममध्ये, म्हणजे डिस्कवर फाइली कुठे आहेत याची नोंद ठेवणाऱ्या मांडणीत, विसंगती आढळली की विंडोज त्या पार्टिशनवर खूण करून ठेवते, आणि पुढच्या वेळी सुरू होताना ती खूण पाहून तपासणी आपोआप चालू होते. नुसती वीज गेली म्हणून दर वेळी एवढे होत नाही. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबईची वीज अचानक गेली, तेव्हा यूपीएस नसलेला प्रत्येक चालू संगणक जागच्या जागी बंद पडला असणार. परंतु विंडोजची एनटीएफएस आणि लिनक्सची ईएक्सटी-४ या दोन्ही फाइल सिस्टीम आपल्या बदलांची नोंद आधी जर्नल नावाच्या नोंदवहीत करतात, आणि वीज आल्यावर अर्धवट राहिलेली कामे त्या नोंदीवरून बहुधा काही सेकंदांत मार्गी लागतात. पेन ड्राइव्हवर सहसा असणाऱ्या फॅट प्रकाराला हे संरक्षण नाही, त्यामुळे त्याची तपासणी अधिक तत्परतेने करावी.

ठरावीक काळाने होणारी तपासणी लिनक्सच्या जुन्या वापरकर्त्यांना परिचित आहे. ईएक्सटी कुळातील फाइल सिस्टीमला ‘ट्यून-टू-एफएस’ या आज्ञेने दोन मर्यादा घालता येतात : इतक्या वेळा माउंट झाल्यावर (म्हणजे वापरासाठी जोडली गेल्यावर), किंवा इतके दिवस उलटल्यावर. पूर्वी १८० दिवसांची मर्यादा आपोआप घातली जात असे; पुढे नव्याने तयार होणाऱ्या फाइल सिस्टीमसाठी ती मुळातच बंद ठेवली जाऊ लागली, आणि तो निर्णय मला योग्य वाटतो. रोज एकदा सुरू होणाऱ्या संगणकाला ३० माउंटची मर्यादा घातली, तर महिन्यातील सुमारे २६ कामाच्या दिवसांच्या हिशेबाने तपासणीचा दिवस दर महिन्याला पुढे सरकत जातो आणि कधीतरी नेमका २० तारखेच्या सकाळी येतो, जेव्हा मासिक जीएसटी विवरणपत्राची मुदत संपत असते. उलट, महिनोन्‌महिने बंदच न होणाऱ्या सर्व्हरवर ही गणना पुढे सरकतच नाही. म्हणजे ज्या यंत्राला तपासणीची गरज अधिक, त्यालाच ती मिळत नाही. शिवाय सुरुवातीला कोणती पार्टिशन जोडायची याची यादी असलेल्या ‘एफएसटॅब’ या फाइलमधील सहावा रकाना शून्य असेल, तर मर्यादा कितीही घाला, सुरुवातीची तपासणी होत नाही. मूळ पार्टिशनसाठी तेथे १ आणि इतरांसाठी २ असावे लागते. एक्सएफएस आणि बीटीआरएफएस या लिनक्सच्या इतर फाइल सिस्टीमच्या बाबतीत तर सुरुवातीची ही तपासणी मुद्दामच काहीही करत नाही. त्यांची साधने वेगळी आहेत.

विंडोजमध्ये अशी मोजणी नाही. टास्क शेड्युलर या वेळापत्रकाच्या साधनातून ‘चेकडिस्क’ या डिस्क तपासणाऱ्या प्रोग्रामची आज्ञा ठरावीक दिवशी देऊन पुढच्या रीस्टार्टला तपासणी घडवता येते, पण विंडोज ८ पासून तिचा लाभ कमी झाला आहे. संगणक चालू असतानाच दोष शोधून त्यांची नोंद ठेवली जाते आणि सुरुवातीला फक्त तेवढ्याच जागा दुरुस्त होतात. डिस्कचा प्रत्येक सेक्टर (माहिती साठवणारा छोटा कप्पा) वाचणारा चेकडिस्कचा ‘आर’ हा पर्याय मात्र वेळापत्रकात कधीही घालू नये. १ टीबीची फिरत्या तबकड्यांची डिस्क सेकंदाला १०० ते १५० एमबी या वेगाने नुसती वाचायची म्हटली, तरी सुमारे दोन ते तीन तास जातात.

येथे एक गल्लत सर्रास होते. सुरुवातीची तपासणी प्रामुख्याने फाइल सिस्टीमची मांडणी पाहते. डिस्क हे यंत्र किती झिजले आहे, हे ती सांगत नाही. त्यासाठी डिस्कमध्येच असलेली, तिच्या स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवणारी स्मार्ट चाचणी आहे. तिचा छोटा प्रकार सुमारे दोन मिनिटांत संपतो, मोठ्याला काही तास लागतात, आणि दोन्ही चालू असताना संगणक वापरता येतो. बदललेल्या किंवा वाचता न आलेल्या सेक्टरांचा आकडा वाढत असेल, तर आधी सर्व माहितीची प्रत काढावी आणि मगच दुरुस्तीला हात घालावा. मरणासन्न डिस्कवर ‘आर’ पर्यायाने दुरुस्ती सुरू केली की तीच ती खराब जागा पुन:पुन्हा वाचली जाते, आणि जी माहिती अजून वाचवता आली असती तीही जाऊ शकते. या कळकळीच्या विनंतीकडे कृपया दुर्लक्ष करू नये.

म्हणून या कार्यालयासाठी मी असे सुचवले : विंडोजच्या चारही संगणकांवर गरजेपुरती तपासणी आहे तशीच ठेवावी आणि सुरुवातीची तपासणी चालू-बंद करणाऱ्या ‘चेकएनटीएफएस’ या आज्ञेने कोणतेही पार्टिशन तिच्यातून वगळू नये. तपासणीपूर्वी काही सेकंद उलटी गणती दिसते. घाईत कळ दाबून ती टाळण्याची सवय कर्मचाऱ्यांनी मोडावी. लिनक्सच्या संगणकांवर माउंटची मर्यादा घालू नये. दिवसांची घालायची असल्यास तीन महिन्यांहून कमी नको. स्मार्टची छोटी चाचणी दर आठवड्याला आणि मोठी महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुपारनंतर लावावी. सोमवारी सकाळी एका नेमलेल्या व्यक्तीने निकाल वाचावेत : स्मार्टचे आकडे, विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअर या नोंदी दाखवणाऱ्या साधनामध्ये ॲप्लिकेशन विभागातील ‘विनइनिट’ नावाची नोंद, आणि लिनक्सवर प्रणालीच्या नोंदी दाखवणाऱ्या ‘जर्नलसीटीएल’मधील एफएससीके या तपासणी-प्रोग्रामच्या ओळी.