दोषमुक्त, निर्दोष की क्लीन चिट? ‘गोवणे’च्या उलट काय लिहाल

एखाद्याला गुन्ह्यात गोवलं, अडकवलं, त्याच्यावर ठपका ठेवला, हे सांगायला मराठीत शब्द भरपूर आहेत. तोच माणूस सुटला की बहुतेक जण सरसकट ‘निर्दोष सुटला’ लिहून मोकळे होतात. बातमी किंवा अर्ज लिहिणाऱ्याने आधी बघावं: सोडलं कोणी आणि कुठल्या टप्प्यावर?

सगळ्यात जास्त गल्लत होते ती ‘दोषमुक्त’ आणि ‘निर्दोष मुक्तता’ यांत. आरोप निश्चित करण्याइतकाही आधार कागदपत्रांत नसेल, तर न्यायालय साक्षीपुरावे व्हायच्या आधीच आरोपीला दोषमुक्त करतं. वकील त्याला ‘डिस्चार्ज’च म्हणतात. खटला चालून निकालात सुटका झाली, तर ती निर्दोष मुक्तता. तिच्यानंतर, अपिलाचा भाग सोडला, तर त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला भरता येत नाही. दोषमुक्तीला हे कवच नाही. नवा पुरावा हाती आला तर प्रकरण पुन्हा उभं राहू शकतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता (फौजदारी खटले कसे चालवायचे याचा नवा कायदा) लागू झाली, तरी हा फरक तसाच आहे. ‘संशयाचा फायदा’ मिळून झालेली सुटकासुद्धा निर्दोष मुक्तताच. निकालपत्रात ते शब्द नसतील तर पदरचे घालू नयेत, नाहीतर सुटलेल्या माणसावर शंकेचा डाग उगाच राहतो.

‘क्लीन चिट’ मथळ्यात छान बसतं, पण कायद्यात हा शब्दच नाही. तो मी शक्यतो टाळतो. महाराष्ट्रात पोलिसांनी ‘बी समरी’ (तपास बंद करण्याचा एक अहवाल) दाखल केली म्हणजे त्यांच्या मते तक्रार जाणूनबुजून खोटी होती. ‘सी समरी’ म्हणजे ती गैरसमजातून झाली किंवा वाद दिवाणी स्वरूपाचा निघाला. दोन्ही अहवालांवर शेवटचा शब्द न्यायालयाचा, म्हणून ‘पोलिसांनी बी समरी दाखल केली’ एवढंच लिहिलेलं बरं.

जामीन या यादीत बसतच नाही, खटला डोक्यावर असतोच. राष्ट्रपती किंवा राज्यपाल शिक्षा माफ करतात तीही दोष ठरल्यावर. आणि माफीचा साक्षीदार तर स्वतः सुटण्यासाठी साथीदारांची नावं घेतो!

कथा-कादंबरी लिहीत असाल तर कोर्टाची भाषा बाजूला ठेवा. हात असूनही जो अलगद बाहेर राहतो तो ‘नामानिराळा’. त्याचं कृत्य ठाऊक असून वरचे गप्प बसले, तर त्यांनी त्याला ‘पाठीशी घातलं’.