पाहुणे आलेत: स्मारकं दाखवू की म्युझियम?

वॉशिंग्टनला पाहुणा आला की हा प्रश्न ठरलेलाच. नॅशनल मॉल म्हणजे शहराच्या मधला लांबलचक हिरवळीचा पट्टा; तिथे दोन्ही आहे आणि दोन्ही फुकट, पण दमवण्याची तऱ्हा वेगळी.

स्मारकांना घड्याळाचा जाच नाही, रात्रीही जाता येतं. उन्हाळ्यात तर दिवेलागणीनंतरच जावं. १९२२ साली खुलं झालेलं लिंकन स्मारक भव्य आहेच, पण माझ्या मते खरी आत उतरते ती व्हिएतनाम युद्धाची भिंत. काळा ग्रॅनाइट आणि त्यावर ५८ हजारांहून जास्त नावं, तीही वर्णक्रमाने नाहीत, माणसं ज्या क्रमाने गेली त्या क्रमाने. आराखडा करणारी माया लिन तेव्हा २१ वर्षांची विद्यार्थिनी होती. आमची आत्या एक नाव वाचायला वाकली, तर गुळगुळीत दगडात त्या नावामागे तिचाच चेहरा. मग बराच वेळ गप्प. एरवी आत्या आणि गप्प, शक्यच नाही!

तोटा म्हणजे पायपीट. लिंकन स्मारक ते कॅपिटल (अमेरिकी संसदेची इमारत) अंतर तीनेक किलोमीटर.

म्युझियममध्ये एसी आहे, बसायला बाकं आहेत, पण संध्याकाळी दारं बंद. शिवाय ‘आलोच आहोत तर सगळं बघू’ हा हट्ट नडतो. एअर अँड स्पेस या विमान-अंतराळयानांच्या म्युझियममध्ये राइट बंधूंचं १९०३चं विमान आणि अपोलो ११चं कोलंबिया यान एवढंच ठरवून जा.

वयस्कर पाहुण्यांना मी दुपारी म्युझियम आणि अंधार पडल्यावर स्मारकं दाखवते. एकच दिवस हाती असेल तर म्युझियम सोडते.