वाहन चलनाची फाइल आणि मी कधीच न मागितलेले कर्ज

वाहतूक दंडाचे चलन म्हणून व्हॉट्सॲपवर आलेली एक फाइल मी उघडली आणि माझे एकूण ३,३०,३४० रुपये गेले. त्यांपैकी ६०,३४० रुपये माझ्या बचत खात्यातले होते. उरलेले २,७०,००० रुपये माझ्या ३,००,००० रुपयांच्या मुदत ठेवीवर एका रात्रीत, माझ्या नावाने आणि माझ्या नकळत काढलेल्या ओव्हरड्राफ्टचे होते, आणि त्या कर्जाचे व्याज आजही माझ्याच खात्यातून वळते होत आहे. हे आकडे सुरुवातीलाच देते, कारण ही हकिगत ऐकणारा प्रत्येकजण आधी 'किती गेले?' असे विचारतो आणि लगेच 'पण तुम्ही उघडलंच कशाला?' असेही विचारतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. दुसऱ्याचे सविस्तर देणे भाग आहे.

चलनाच्या नावाने येणाऱ्या एपीके फाइलचा, म्हणजे उघडली की फोनमध्ये चोरांचे ॲप बसवणाऱ्या फाइलचा प्रकार आता नवा राहिलेला नाही, त्यामुळे तो मुळापासून समजावत नाही. मात्र ही फाइल अनोळखी क्रमांकावरून येते हा समज पहिल्यांदा डोक्यातून काढून टाका. मला ती शाळेतल्या सहकारी शिक्षकांच्या व्हॉट्सॲपवरून आली, कारण त्यांचा फोन आधीच त्या टोळीच्या ताब्यात गेला होता. त्याच आठवड्यात मुख्य चौकात सिग्नल लागला असताना माझ्या स्कूटरचे पुढचे चाक झेब्रा क्रॉसिंगवर गेले होते आणि वर कॅमेरा होता. त्यामुळे दंड येणार हे मी धरूनच चालले होते. फाइलच्या नावात 'आरटीओ' होते, आणि शहरातल्या चौकातला कॅमेऱ्याचा दंड वाहतूक पोलीस लावतात, हे मलाही ठाऊक आहे. पण बोलताना आपण सगळेच दोन्हींना आरटीओ म्हणतो, त्या नावावर कोण अडखळणार?

अज्ञात ठिकाणाहून आलेले ॲप बसवताना फोन आधी इशारा देतो, तो तुला दिसला नाही का, असे मला सुशिक्षित नातेवाइकांनी ऐकवले. मला तो दिसला नाही. व्हॉट्सॲपवरून आलेली ॲप्स बसवण्याची परवानगी माझ्या फोनमध्ये आधीच चालू होती, कारण मागे एका सरकारी प्रशिक्षणाचे ॲप वरिष्ठ कार्यालयाकडून शिक्षकांच्या गटावर अशीच फाइल म्हणून आले होते आणि ते संध्याकाळपर्यंत बसवून तसा अहवाल द्यायचा होता. ती परवानगी नंतर बंद करा, असे कोणीही सांगितले नाही. हजेरी, पोषण आहार, सर्वेक्षण, मतदार यादी यांचे काम आमच्या स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या पैशांच्या इंटरनेटवर करवून घ्यायचे, जे ॲप जे मागेल त्याला 'अनुमती द्या' म्हणायची सवय वर्षानुवर्षे लावायची, आणि त्याच सवयीचा फायदा चोराने घेतला की 'जागरूक राहा' असे भित्तिपत्रक पाठवायचे, ही पद्धत मला आता सहन होत नाही. तुमच्या फोनच्या सेटिंगमध्ये 'अज्ञात ॲप्स इंस्टॉल करा' हा भाग उघडून पाहा. तिथे एक जरी ॲप चालू दिसले, तर आत्ताच बंद करा.

तरीही एक क्षण असा होता, जो आठवला की आजही जेवण गोड लागत नाही. ॲप उघडताच वर सरकारी बोधचिन्ह दिसले आणि त्याखाली चौकट आली: हे ॲप तुमचे डीफॉल्ट एसएमएस ॲप करायचे का? चलन दाखवणाऱ्याला माझे मेसेज कशाला हवेत, हा प्रश्न त्याच वेळी मनात यायला हवा होता. तो आला नाही, कारण चौकटीतले 'होय' ठळक निळे होते आणि 'नाही' फिकट करड्या रंगात होते, आणि अशी चौकट दिवसातून कितीतरी वेळा समोर येते. त्या एका 'होय'मुळे बँकेचा प्रत्येक मेसेज माझ्या आधी त्यांच्याकडे जाऊ लागला आणि माझ्या फोनवरून पुसला जाऊ लागला. पुढे गाडीचा क्रमांक विचारला गेला आणि मग चलनाचा फोटो पाहण्यासाठी एक रुपया भरायला सांगितले गेले. त्यासाठी डेबिट कार्डाचा क्रमांक, मुदत आणि एटीएमचा पिन हवा होता. पिन कुठेही टाकायचा नसतो, असे आता मला शिकवू नये. माझ्या बँकेच्या नेटबँकिंगचा पासवर्ड विसरल्यावर बँकेचे स्वतःचे पान कार्डाचा क्रमांक आणि हाच पिन मागते. 'पेमेंट अयशस्वी' असे उत्तर आले आणि मी फोन बाजूला ठेवला. तो एक रुपया खात्यातून आजतागायत गेलेला नाही.

कार्ड, पिन आणि ओटीपी हाताशी असल्यावर नेटबँकिंगचा पासवर्ड बदलणे हा मिनिटांचा खेळ होता. शनिवारी रात्री ११.४८ ते १२.०९ या वेळेत सर्व आटोपले. मध्यरात्रीची वेळ मुद्दाम निवडलेली होती, कारण बारा वाजले की पैसे पाठवण्याची दिवसाची मर्यादा नव्याने सुरू होते. आधी ठेवीवर ओव्हरड्राफ्ट घेतला गेला, मग तीन निरनिराळ्या खात्यांवर ९९,५००, ९९,५०० आणि ९८,७०० रुपये गेले, आणि शेवटी ३२,६४० रुपयांची भेटकुपने खरेदी झाली. खात्यात १,१४० रुपये शिल्लक राहिले. फोनवर एकही मेसेज नव्हता. रविवारी सकाळी ईमेल उघडला तेव्हा बँकेचे पत्र दिसले, आणि त्याचा पहिलाच शब्द 'अभिनंदन' असा होता. ओव्हरड्राफ्ट मंजूर झाल्याबद्दल! बँकेच्या सूचना केवळ मेसेजवर ठेवू नका, ईमेलवरही चालू ठेवा, आणि तो ईमेल शक्य असल्यास दुसऱ्या उपकरणावर पाहा.

मी ते पत्र वाचत असतानाच एका पालकांचा फोन आला. "मॅडम, तुम्ही वर्गाच्या ग्रुपवर पाठवलेलं ते चलन काही उघडत नाहीये." दहावीच्या पालकांच्या गटावर माझ्या नावाने तीच फाइल रात्रभर पडून होती. पैशांपेक्षा ही गोष्ट मला अधिक लागली, हे लिहितानाही हात थांबतो. प्रत्येक पालकाला मी स्वतः फोन केला. दोघांनी ॲप बसवले होते, मात्र कार्डाचे तपशील अजून भरले नव्हते.

सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर बराच वेळ लागला, पण तक्रार नोंदली गेली आणि पोचक्रमांक मिळाला. त्याचा उपयोग झाला, हे प्रामाणिकपणे सांगते: पैसे पुढे वळवलेल्या एका खात्यात ४१,२६० रुपये गोठवले गेले. बाकीची रक्कम तोवर एटीएममधून निघून गेली होती. ती खाती भाड्याने घेतलेली होती आणि ज्यांच्या नावाने ती आहेत, त्यांना थोडेफार पैसे देऊन पासबुक व सिम काढून घेतलेले असते, एवढे मला नंतर कळले. तुमच्या मुलांना कोणी 'खातं वापरायला दे, महिन्याला पैसे देतो' असे म्हणत असेल, तर वेळीच आवरा. गोठवलेले ४१,२६० रुपये परत मिळवायला त्या वेळी न्यायालयाचा आदेश लागत होता, हेदेखील मला विचारून विचारूनच समजले.

पोलीस ठाण्यात मात्र मला जे ऐकावे लागले ते गुन्हेगारानेही ऐकवले नव्हते. 'मॅडम, तुम्ही शिक्षिका ना?' एवढाच प्रश्न ठाणे अंमलदारांनी मान वर न करता विचारला. आमच्या ठाण्याने सायबर ठाण्याकडे पाठवले, सायबर ठाण्याने रक्कम पाहून पुन्हा आमच्या ठाण्याकडे पाठवले. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७८ नुसार तपास किमान निरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा असतो आणि निरीक्षक गणपतीच्या बंदोबस्तात होते, हे मी समजू शकते. पण गुन्हा नोंदवून घ्यायला काय अडचण होती? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्दीचा प्रश्न न काढता घ्यावी लागते, आणि इलेक्ट्रॉनिक मार्गाने दिली तर तीन दिवसांत सही करायची असते. हे कलम छापून नेले तेव्हा कुठे कागद पुढे सरकला. त्यानंतर 'फोन दाखवा' असे सांगण्यात आले. तोपर्यंत मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातील मुलाने फोन पूर्ण पुसून दिला होता, त्यामुळे पुरावा मीच नष्ट केला, असे मलाच सुनावण्यात आले. तेव्हा फोन पुसण्याची घाई करू नका. विमान मोडवर टाका, सिम काढा, दुसऱ्या फोनवरून १९३० लावा, बँकेला कार्ड आणि नेटबँकिंग बंद करायला सांगा, आणि संवादाचे, फाइलचे फोटो दुसऱ्या फोनने काढून ठेवा.

बँकेचे उत्तर एका ओळीत होते: ओटीपी बरोबर होता, सबब व्यवहार ग्राहकाने केला असे समजण्यात येते. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी काढलेल्या परिपत्रकात ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचा भार बँकेवर टाकला होता आणि तक्रारीनंतर दहा कामकाजाच्या दिवसांत रक्कम तात्पुरती जमा करण्यास सांगितले होते, हे मी शाखाधिकाऱ्यांपुढे ठेवले. त्यांनी त्याच परिपत्रकातील ग्राहकाच्या निष्काळजीपणाचे वाक्य बोटाने दाखवले. ठीक आहे, ६०,३४० रुपयांबाबत वाद घालता येईल. परंतु २,७०,००० रुपये माझे नव्हतेच, ते बँकेचे होते. ज्या ग्राहकाने इतक्या वर्षांत कधी कर्ज घेतले नाही, तिला मध्यरात्रीच्या सुमारास नवा पासवर्ड तयार होताच ठेवीच्या नव्वद टक्के कर्ज कोणतीही विचारपूस न करता द्यायचे, आणि ते नव्याने जोडलेल्या खात्यांकडे जाऊ द्यायचे, हा निष्काळजीपणा कोणाचा? शाखेत साधे घरदुरुस्तीचे कर्ज मागितले असते, तर पगाराच्या चिठ्ठ्या आणि जामीनदार यांशिवाय खुर्चीही मिळाली नसती. ठेव मोडायला गेले की अर्ज, सही आणि 'कशाला मोडताय?' असा आपुलकीचा प्रश्न असतो. चोराला मात्र अभिनंदनाचे पत्र.

बँकेकडे दिलेल्या लेखी तक्रारीला तीस दिवसांत समाधानकारक उत्तर मिळाले नाही, तर २०२१ पासूनच्या एकात्मिक लोकपाल योजनेखाली रिझर्व्ह बँकेकडे विनाशुल्क तक्रार करता येते. मी ती केली आहे आणि निर्णय व्हायचा आहे. तोंडी तक्रार धरली जात नाही, प्रत्येक कागदावर तारखेसह पोच घ्या. खरे चलन आहे की नाही हे पाहायचे असल्यास राज्याच्या वाहतूक पोलिसांच्या संकेतस्थळावर पत्ता स्वतः टाइप करून जा आणि गाडीचा क्रमांक व चेसिस किंवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे चार आकडे भरा. त्यासाठी कोणतेही ॲप लागत नाही. आणि ज्यांची मुदत ठेव आहे, त्यांनी ठेवीवरील ऑनलाइन कर्जाची सोय बंद करून घेण्यासाठी उद्याच शाखेत जावे. अशा अर्जाचा नमुना आमच्याकडे नाही, असे मला सांगण्यात आले होते. तुम्हालाही तसेच सांगितले, तर साध्या कागदावर लिहून द्या.