उन्हाळी महोत्सवात दिवसभर वापरलेले फिल्टरवाले इअरप्लग

मागच्या उन्हाळ्यात भर शहरातल्या रस्त्यावरच्या महोत्सवातून घरी आले, उशीला डोकं टेकवलं, तर कानात बारीक शिट्टी वाजत होती. दोन दिवस थांबली नाही. मी खूप घाबरले होते. आतल्या कानातल्या आवाज टिपणाऱ्या केसपेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. गाणं मला सोडायचं नाही, म्हणून यंदा फिल्टरवाले सिलिकॉनचे इअरप्लग घेतले आणि सकाळी अकरापासून घातले.

फोमचे प्लग आधी वापरले होते. ते आवाज भरपूर अडवतात, पण उंच पट्टीचे सूर जास्त खातात. गोधडीखालून ऐकल्यासारखं वाटतं. यांच्यातल्या फिल्टरमुळे सगळ्या पट्ट्या जवळपास सारख्याच उतरतात. मंचासमोर गायिकेचा शब्द न् शब्द कळत होता, ड्रमची थाप छातीत जाणवत होती, फक्त कानाला टोचत नव्हतं. या एका गोष्टीसाठी पैसे वसूल.

मंचापासून पंधरा-वीस पावलांवर मोबाइलच्या अ‍ॅपने आवाज मोजला, ९७ डेसिबलच्या आसपास आला. कामगारांच्या आरोग्यासाठी काम करणाऱ्या अमेरिकेतल्या नायॉश संस्थेच्या हिशेबाने ८५ डेसिबलला दिवसाचे ८ तास चालतात आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे ९७ ला जेमतेम अर्धा तास! आम्ही तिथे अडीच तास होतो. मोकळ्यावर एका स्पीकरपासून अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो, पण इथे दोन्ही बाजूंच्या उंच इमारती तो परत रस्त्यातच फेकतात. मागे सरकून फार काही कमी झालं नाही. बाजूच्या गल्लीत वळल्यावर मात्र लगेच हायसं वाटलं.

आता त्रास. आपलाच आवाज डोक्यात घुमतो, खाताना तर प्रत्येक घास कुरकुर ऐकू येतो. "आत्या, तू एवढी हळू का बोलतेस?" असं भाची सारखं विचारत होती. आणि घाम! दुपारी डांबर तापलेलं, मानेवरून धारा वाहत होत्या, प्लग सैल व्हायला लागले. चारच्या सुमारास उजवा निसटून पडला. त्या गर्दीत खाली वाकणं धोक्याचं होतं, म्हणून सोडून दिला. पिशवीत फोमची जोडी होती, तिच्यावर उरलेला दिवस काढला. घ्यायचे तर दोरीवाले घ्या. आणि घालताना दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढून मगच आत सरकवा, नाहीतर किती डेसिबल कमी होतात हा खोक्यावर लिहिलेला आकडा खोक्यावरच राहतो.

सात वर्षांच्या भाचीच्या कानात प्लगची सगळ्यात छोटी सिलिकॉनची टोपीही बसली नाही. तिला कानावर बसणारे मफ घातले होते; गरम होतात, म्हणून दर अर्ध्या तासाने त्या गल्लीत नेऊन काढायचे.

आयोजकांबद्दलही लिहिलंच पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा कार्यक्रमांसाठी मानक काढलं: १५ मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या वर नको, शांत जागा हवी, कानांसाठी प्लग मिळायला हवेत. इथे शांत कोपरा नव्हता, प्लगही कुठे दिसले नाहीत. तसं मी त्यांना कळवलंय.

रात्री कान शांत होते. दोरीवाली जोडी मागवली आहे.