दोन गाण्यांमधली शांतता: मंचासाठी डबा निवडताना

मंचावर गाणी वाजवायला लॅपटॉप नकोच, इथपर्यंत तुम्ही आलेले आहात असं धरून चालतो. सीक्वेन्सर म्हणजे काय, सॅम्पल कसं कापायचं, हेही सांगत बसत नाही. प्रश्न एवढाच उरतो, की लॅपटॉपच्या जागी जो डबा (सॅम्पलं, म्हणजे रेकॉर्ड केलेले आवाजाचे तुकडे, सीक्वेन्सरने ठरल्या क्रमाने वाजवणारं यंत्र) ठेवायचा तो मोठ्या पडद्याचा घ्यावा, की छोट्या पडद्याचा आणि भरपूर बटणांचा. माझ्याकडे दोन्ही जातींचा एकेक आहे. दोन्ही घेऊन मी मंचावर उभा राहिलोय. हल्ली एकच घेऊन जातो.

मोठ्या पडद्याच्या जातीत अकाईचे एमपीसी लाइव्ह आणि एमपीसी वन, नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्सचा माशीने प्लस आणि एबलटनचा पुश 3 येतात. दुसऱ्या जातीत एलेक्ट्रॉनचे डिजिटॅक्ट आणि ऑक्टाट्रॅक. रोलंडचा एसपी-404 मार्क टू या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी बसतो, त्याच्याकडे नंतर येतो. माझा छोट्या पडद्याचा डबा म्हणजे पहिला डिजिटॅक्ट, 2017 सालचं मॉडेल. मोठ्या पडद्याचा कुठला ते सांगत नाही, कारण पुढे जी फजिती सांगणार आहे तिच्यात निम्मा वाटा माझाच होता. उगाच यंत्राला बट्टा नको.

आधी मोठ्या पडद्याची बाजू, कारण ती खरंच भक्कम आहे. घरी बसून गाणं बांधायचं तर आजही माझा हात त्याच डब्याकडे जातो. आवाजाच्या लाटेचं चित्र समोर दिसतं, कुठे कापायचं ते बोटाने दाखवता येतं, गाण्याचा अख्खा आराखडा एका नजरेत येतो. एमपीसीत तर आठ ऑडिओ ट्रॅक आहेत, म्हणजे लांबलचक गायन किंवा गिटार सरळ रेकॉर्ड करून ठेवता येते, तुकडे करायची गरज नाही. वर आतच सिंथेसायझर. आणि पॅडवर, म्हणजे त्या दाबायच्या चौकोनांवर, बोटांनी ताल वाजवायचा असेल तर या घराण्याला तोड नाही. रॉजर लिन यांनी 1988 मध्ये पहिला एमपीसी 60 बनवला, तेव्हापासून चार बाय चार पॅडची ती मांडणी तशीच टिकून आहे. बोटांखाली तो चौकोन आला की हात आपोआप चालायला लागतात.

बाहेर जाणाऱ्या वाटा हीसुद्धा या बाजूची जमेची गोष्ट. एमपीसी लाइव्ह टूला सहा आउटपुट आहेत. म्हणजे मुख्य आवाज एका जोडीतून, ड्रमरच्या कानातली क्लिक (लय धरायची टिकटिक) दुसरीतून, आणि साउंडवाल्याला किक, म्हणजे मोठ्या ड्रमचा ठोका, वेगळी हवी असेल तर तीही देता येते. माझ्या डिजिटॅक्टला एकच स्टिरिओ जोडी आहे. तुमच्याबरोबर हाडामांसाचा ड्रमर असेल आणि त्याला क्लिक लागत असेल, तर पुढचं वाचण्याआधी हे नीट मनात ठेवा. माझ्याबरोबर फक्त एक गायिका असते, आणि तिला क्लिक दिली तर ती चिडते.

आता फजिती. तिसरं गाणं संपलं, टाळ्या झाल्या, मी मोठ्या पडद्याच्या डब्यावर चौथ्याचा प्रोजेक्ट, म्हणजे त्या गाण्याची साठवलेली सगळी मांडणी, उघडला. पडद्यावर लोडिंगची ती रेघ भरायला लागली. घरी ती रेघ कधी डोळ्यांत आली नव्हती, कारण घरी तेवढ्यात मी पाणी पिऊन येतो. मंचावर मात्र टाळ्या संपल्या, रेघ निम्म्यावर. गायिकेने दोन वाक्यं बोलून घेतली, मग माझ्याकडे बघितलं. मी पडद्याकडे बघत होतो. ती पुन्हा माइककडे वळली आणि आधीचीच दोन वाक्यं शब्द फिरवून बोलली. मी मनात आकडे मोजत होतो, सतरापर्यंत पोचलो आणि नाद सोडला. पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थांनी खिशातून फोन काढला. त्या फोनचा उजेड मला अजून आठवतो.

यंत्र बिघडलं नव्हतं. ते आपलं काम इमानाने करत होतं: मोठाली सॅम्पलं कार्डावरून उचलायची, सिंथेसायझर उभे करायचे, इफेक्ट लावायचे. प्रोजेक्ट जेवढा श्रीमंत तेवढा वेळ. पण या जातीच्या आत मुळात एक संगणकच असतो, हे आपण डब्याच्या रूपाला भुलून विसरतो. एमपीसी लिनक्सवर चालतो. माशीने प्लसमध्ये इंटेलचा अॅटम आहे, स्वतंत्र चालणाऱ्या पुश 3 मध्ये तर इंटेलचा कोअर आय 3 आणि 8 जीबी रॅम. लॅपटॉपला कंटाळून आलो आणि लॅपटॉपच पुन्हा विकत घेतला, फक्त झाकण नसलेला, असं त्या रात्री मला वाटलं. हे थोडं अन्यायाचं आहे, कबूल.

घरी येऊन अर्थातच तोडगा काढला. सगळी गाणी एकाच प्रोजेक्टमध्ये भरायची आणि प्रत्येक गाण्याला वेगळे सीक्वेन्स, म्हणजे वाजवायच्या क्रमाच्या वेगळ्या मांडण्या, द्यायचे. एमपीसीत एका प्रोजेक्टमध्ये 128 सीक्वेन्स बसतात, त्यामुळे जागेची ओढ नाही. अनुभवी मंडळीही हेच सुचवतात. शांतता गेली, पण तिच्या जागी दुसरं दुखणं आलं. या पद्धतीत सगळे सीक्वेन्स आवाज आणि मिक्सर वाटून घेतात. साउंडचेकला दुसऱ्या गाण्यात किक फार घुमत होती म्हणून खाली ओढली, आणि सहाव्या गाण्यात किक आहे की नाही असं झालं. मग प्रत्येक गाण्याची किक वेगळी ठेवली. मग ट्रॅकची यादी इतकी वाढली, की अंधारात बोटाने यादी सरकवत योग्य किक शोधणं हाच एक कार्यक्रम झाला. घामेजलेलं बोट, काचेचा पडदा. पुढचं सांगत नाही.

डिजिटॅक्टचं कौतुक करायचं तर ते एवढ्याच जागेवर करतो, दोन गाण्यांच्या मधल्या जागेवर. एका प्रोजेक्टमध्ये आठ बँका, प्रत्येक बँकेत सोळा पॅटर्न (एमपीसीच्या सीक्वेन्ससारखेच), एकूण 128. आवाजांची मांडणी, म्हणजे कुठलं सॅम्पल, किती फिल्टर (आवाजातली चमक कापणारा), केवढा आवाज, हे पॅटर्नबरोबरच साठवलं जातं. दुसऱ्या गाण्याची किक ओढली तर सहाव्याला त्याचा पत्ताही लागत नाही. आणि एका पॅटर्नवरून दुसऱ्यावर जाताना रेघ नाही, वाट बघणं नाही. चालू पॅटर्न संपतो तिथे पुढचा सुरू होतो. दोन बटणं, तीही न बघता. मी एका बँकेत दोन-दोन गाणी ठेवतो आणि बँक बदलली की गायिकेला कळतं, पुढचं काय.

याची किंमत आहेच. सेटमधली सगळी सॅम्पलं एका प्रोजेक्टच्या 64 एमबीत बसवावी लागतात, आणि पहिल्या डिजिटॅक्टमध्ये ती मोनोच असतात. 16 बिट, 48 किलोहर्ट्झने हिशेब केला तर सगळे मिळून साधारण अकरा मिनिटं. ऐकायला हास्यास्पद वाटतं. पण एका किकला अर्धा सेकंद लागतो, पुन्हापुन्हा वाजणाऱ्या चांगल्या लूपला चार. कंजूषपणा अंगवळणी पडला की पुरतं, असा माझा अनुभव. पूर्ण लांबीचा बॅकिंग ट्रॅक वाजवून त्यावर गाणार असाल तर नाही पुरणार, सरळ सांगतो. 2024 मध्ये आलेल्या डिजिटॅक्ट टूमध्ये हीच मर्यादा प्रोजेक्टला 400 एमबीपर्यंत गेली, ट्रॅक आठाचे सोळा झाले आणि सॅम्पलं स्टिरिओ झाली. आज नव्याने घेणारा बहुधा तोच घेईल. मी अजून पहिल्यावरच आहे, कारण त्याची बटणं माझ्या हाताला पाठ आहेत.

एक खोड आधीच सांगून ठेवतो. डिजिटॅक्टमध्ये लय सगळ्या प्रोजेक्टसाठी एकच ठेवता येते, किंवा पॅटर्नगणिक वेगळी. नवा प्रोजेक्ट बनवताना मी एकदा ते बघायला विसरलो आणि मिनिटाला 76 ठोक्यांची संथ रचना 124 ने पळत सुटली. गायिका तशीही गायली, आणि नंतर तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. दोष शंभर टक्के माझा.

भरवशाचं यंत्र म्हणजे बंद न पडणारं यंत्र, अशी माझीही आधी समजूत होती. तसं पाहिलं तर माझे दोन्ही डबे मंचावर कधी गोठलेले नाहीत. पण मंचावर गोंधळ घालणारा बहुतेक वेळा मीच असतो. डिजिटॅक्टमध्ये ट्रॅकचं बटण दाबून धरून फिल्टरचा नॉब फिरवला, की आठही ट्रॅकचा फिल्टर एकदम बंद होत जातो. सगळं संगीत पाण्याखाली गेल्यासारखं होतं. मग त्यावर रिव्हर्ब (घुमारा) वाढवा, पिच (सूर) हलवा, वाट्टेल तेवढा विस्कोट करा. आणि बरोबर समेवर फंक्शन आणि नो ही दोन बटणं एकत्र दाबा: पॅटर्न जसा साठवला होता तसा जागेवर. लोकांना वाटतं मी फार हिशेबाने सगळं परत आणलं. मी फक्त दोन बटणं दाबलेली असतात. परतीची ही वाट पक्की असली की माणूस बिनधास्त भटकतो. मोठ्या पडद्याच्या डब्यावर अनडू असतंच, पण अंधारात सहा नॉब फिरवून झाल्यावर किती पावलं मागे जायचं ते मला कधी आठवलं नाही.

विजेच्या बाबतीत माझा लाडका नापास आहे, हेही मांडायला हवं. डिजिटॅक्टमध्ये बॅटरी नाही. अडॅप्टरची पिन निघाली की संपलं. एमपीसी लाइव्ह टूत बॅटरी आहे, पुश 3 च्या स्वतंत्र रूपातही आहे, एसपी-404 मार्क टू सहा पेन्सिल सेलवर किंवा यूएसबी-सी वर चालतो. मंचावर कोणाचा पाय कुठल्या वायरीत अडकेल याचा नेम नसतो, त्यामुळे बॅटरीचा मोह मला समजतो. एमपीसी वन घेताना मात्र लक्षात ठेवा, त्यात बॅटरी नाही. मोठ्या पडद्याबरोबर ती आपोआप मिळत नाही. मी काय करतो, अडॅप्टरची वायर टेबलाच्या पायाला वेल्क्रोने बांधतो आणि यंत्राजवळ थोडी ढिली ठेवतो. ओढ बसली तर टेबल हलेल, पिन नाही. आजवर निभावलं. आणि समजा निघालीच, तरी हा डबा पटकन जागा होतो. घड्याळ लावून बघितलेलं नाही, पण मी मिक्सरच्या केबली लावून होईपर्यंत तो तयार असतो. दुसरा तेव्हा अजून कंपनीचं चिन्ह दाखवत असतो.

एसपी-404 बद्दल थोडक्यात. एका मित्राचा दोन आठवडे वापरला. इफेक्ट जबरदस्त, हातात घेऊन फिरता येतो, एका प्रोजेक्टमध्ये 160 सॅम्पलं, आणि चालू गाण्याचा गळा आवळून त्याला कॅसेटसारखं वाजवणं हे काम त्याच्याइतकं मजेदार कोणी करत नाही. पण पॅटर्न बांधायला बसलं की मला तो आडवा येतो. दुसरं यंत्र म्हणून उत्तम, एकटं म्हणून माझ्या पिंडाचं नाही. तुमचं वेगळं असू शकेल.

ऑक्टाट्रॅक हा वेगळाच प्राणी. लांब सॅम्पलं थेट कॉम्पॅक्टफ्लॅश कार्डावरून वाजतात, म्हणजे 64 एमबीचं रडगाणं नाही. क्यूसाठी, म्हणजे फक्त आपल्या कानात ऐकायला, वेगळं आउटपुट आहे. क्रॉसफेडर (आडवी सरकपट्टी) तर असा, की एका दृश्यातून, म्हणजे नॉबांच्या एका साठवलेल्या मांडणीतून, दुसऱ्यात गाणं अलगद सरकवता येतं. कागदावर माझ्या दोन्ही अडचणींचं उत्तर हेच. पण प्रत्येक बँकेत सोळा पॅटर्न आणि पार्ट (आवाजांची मांडणी) फक्त चार, कुठला पॅटर्न कुठल्या पार्टवर बसलाय हे डोक्यात ठेवावं लागतं, आणि माझं डोकं मंचावर तेवढं रिकामं नसतं. ज्यांना ते जमलंय त्यांना मी मनापासून मानतो.

तेव्हा, गाणी सुरुवातीपासून शेवटपर्यंत ठरलेली असतील, बरोबर ड्रमर असेल, लांब रेकॉर्डिंग वाजवायची असतील, तर एमपीसी लाइव्ह टू घ्या आणि माझं काही ऐकू नका. पण एकटे किंवा दोघे असाल, गाणी मंचावर ताणायची-आखडायची सवय असेल, तर माझं झुकतं माप कुठे आहे ते एव्हाना कळलंच असेल. कोणाकडून उसना मिळाला तर चाचणी सोपी आहे: स्वतःची दोन गाणी त्यात भरा, वेगळ्या लयीची, वेगळ्या आवाजांची, आणि दिवा बंद करून पहिल्यावरून दुसऱ्यावर जा. बाकीची वैशिष्ट्यं त्यानंतर वाचा.

माझ्या सध्याच्या सेटने 64 पैकी 51 एमबी खाल्लेत. नऊ गाणी आहेत. गायिका म्हणते अजून दोन घालू या, आणि मी गेले तीन दिवस एका झांजेची शेपटी कापत बसलोय.