एसएमडीसाठी आधी काय घ्यावं : आयर्न की हॉट एअर?

एसएमडी म्हणजे पाय भोकात न घालता बोर्डाच्या पृष्ठभागावरच सोल्डर केलेले बारीक भाग. पुण्याच्या तापकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जाऊन ‘एसएमडीचं काम करायचंय’ म्हणालात, की टू-इन-वन स्टेशन पुढे येण्याची शक्यता बरीच. एका बाजूला सोल्डरिंगचं आयर्न, दुसऱ्या बाजूला हॉट एअर, म्हणजे गरम हवेच्या झोताने सोल्डर वितळवणारं मशीन. एकाच खर्चात दोन्ही मिळतंय, म्हणून घेऊन टाकावंसं वाटतं. मी मात्र सांगेन, पैसे आधी चांगल्या आयर्नमध्ये घाला. हॉट एअरला थोडं थांबवा.

कुठलं काम कशानं होईल हे ठरवताना नवे लोक भाग किती बारीक आहे ते बघतात. मी त्याचे पाय दिसतात का ते बघतो. ०८०५ रेझिस्टर दोन मिलिमीटर लांब, ०६०३ साधारण दीड, ०४०२ जेमतेम एक. तिघांचीही टोकं उघडी, म्हणजे आयर्न पुरतं. दोन रांगांत आठ पाय असलेल्या एसओआयसी आयसीत (चिपमध्ये) पायांमधलं अंतर १.२७ मिलिमीटर असतं, तीही तशीच. अगदी अर्ध्या मिलिमीटरच्या अंतरावर चारही बाजूंनी पाय असलेली टीक्यूएफपी आयसीसुद्धा आयर्नने बसते. कोपऱ्यातले दोन पाय टाचून घ्यायचे, फ्लक्स (सोल्डर नीट पसरवणारं रसायन) सढळ हाताने लावायचा आणि सोल्डर घेतलेलं टोक रांगेवरून सावकाश ओढत न्यायचं. दोन पाय जोडले गेलेच तर तांब्याची विक (बारीक तारांची वेणी) लावून जास्तीचं सोल्डर शोषून घ्यायचं. हाताला चिमटा आणि डोळ्याला भिंग हवंच.

यात एक चूक जवळजवळ सगळे करतात, मीही केली: बारीक काम म्हणून सुईसारखं टोक घेणं. त्या अणकुचीदार टोकातून पॅडपर्यंत, म्हणजे बोर्डावरच्या तांब्याच्या ठिपक्यापर्यंत, उष्णता पोचतच नाही. मग माणूस तापमान वाढवतो, फ्लक्स जळतो आणि टोक काळं पडतं. दोन मिलिमीटरचं चपटं किंवा तिरकस कापलेलं टोक घ्या. ९३६ धाटणीच्या आयर्नमध्ये हीटर वेगळा आणि त्यावर टोपीसारखं टोक चढवलेलं, त्यामुळे जाड तांब्याला टेकवलं की ते चटकन थंडावतं. टी१२ मध्ये हीटर आणि सेन्सर टोकाच्या आतच असतात, उष्णता लगेच भरून येते. स्वस्त टू-इन-वनमध्ये बहुधा पहिला प्रकार मिळतो. माझी तक्रार तीच आहे.

काढण्याच्या कामात मात्र पारडं फिरतं. दोन टोकांचा कपॅसिटर आयर्नने निघतो, एसओआयसीही दोन्ही रांगांवर सोल्डर ओतून निघते. चारही बाजूंनी पाय असलेली आयसी आयर्नने काढायला गेलात, तर पॅड उखडून हातात येण्याचीच शक्यता जास्त. बाहेर पाय नसलेल्या क्यूएफएन आयसीचं मुख्य पॅड तर पोटाखाली असतं, तिथे आयर्नचं टोक शिरतच नाही. तुमच्या कामात हे भाग नेहमी येत असतील, तर हॉट एअरला पर्याय नाही.

पण त्याचा हात बसायला वेळ लागतो. ८५८डी प्रकारच्या ७०० वॅटच्या मशीनवर ३५० आकडा दिसला, तरी बोर्डावर तेवढं तापमान नसतं. नॉझल बोर्डापासून किती दूर आहे आणि हवा किती सोडली आहे, त्यावर सगळं ठरतं. मी पहिल्याच दिवशी हवा पूर्ण सोडली. आयसी जागची हलली नाही, शेजारचे तीन ०४०२ कपॅसिटर मात्र उडून सतरंजीत गेले. इतक्या बारीक सिरॅमिक कपॅसिटरवर आकडा छापलेला नसतो, त्यामुळे सापडलेल्या दोघांपैकी कोण कुठला हेही कळेना. तेव्हापासून आधी फोटो, मग शेजाऱ्यांवर कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी चिकटपट्टी), हवा मंद आणि नॉझल गोल फिरतं. प्लॅस्टिकचे कनेक्टर वितळतात, इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर फुगतात, त्यांनाही झाका. सोल्डर चमकलं की आयसीला चिमट्याने हलका धक्का द्या. ती तरंगल्यासारखी हलली तरच उचला.

मशीन घरी आणल्यावर प्लग लावण्याआधी मल्टिमीटरने एक तपासणी करा: अर्थच्या पिनेपासून नॉझलच्या धातूपर्यंत जोड मिळतो का. स्वस्त नकलांमध्ये तो कधीकधी नसतो. आणि काम संपल्यावर लगेच भिंतीवरचं बटण बंद करू नका, पंख्याला हीटर थंड करू द्या.

एलईडी दिव्यांच्या अ‍ॅल्युमिनियम बोर्डावर दोघांचीही दमछाक होते, कारण वरून दिलेली उष्णता धातू पसरवून टाकतो. तिथे खालून तापवणारी छोटी हॉट प्लेट सरस. फक्त दिवेच दुरुस्त करणार असाल, तर हॉट एअरऐवजी तीच घ्या.

सोल्डरबद्दल फार घोळ घालू नका. शिकताना ६३/३७ (६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं) बरं, ते १८३ अंशांना एकदम वितळतं. १ जुलै २००६ पासून युरोपात शिशावर निर्बंध आले. तेव्हापासूनच्या बऱ्याच बोर्डांवर शिसं नसलेलं सोल्डर असतं आणि ते २१७ ते २२० अंश मागतं. भाग काढण्याआधी त्यात थोडं ६३/३७ मिसळा, काम हलकं होतं. १३८ अंशांना वितळणारं बिस्मथचं सोल्डर काढायला आणखी सोयीचं, पण नंतर विकने पॅड पूर्ण पुसून घ्या. शिशाबरोबर मिसळलं, तर त्यातला काही भाग ९६ अंशांच्या आसपासच वितळतो आणि तापणाऱ्या भागाखाली असा सांधा टिकत नाही. खिडकी उघडी ठेवा, हात धुऊनच चहा घ्या.

पोटाखाली गोळ्या असलेल्या बीजीए आयसीसाठी स्टेन्सिल, प्रीहीटर आणि भरपूर सराव लागतो. घरात असा एकच फोन बंद पडला असेल, तर यातलं काहीच घेऊ नका, तो दुरुस्तीवाल्याकडे द्या.